हौद्यावरचं शेल: फायबर, ॲल्युमिनियम की स्टील?

प्रश्न : माझी पिकअप हेवी-ड्यूटी, पाऊण टनी वर्गातली (हे नुसतं वर्गाचं नाव, भार पेलायची खरी क्षमता वेगळी). डिझेल इंजिन, चार दारांची केबिन, पावणेसात फुटी हौदा. आठवडाभर गाडी बांधकामाच्या साइटवर असते. हौद्यात हत्यारांच्या पेट्या, पाइप, कधी वाळूची पोती. सुट्टीत मी आणि बायको त्याच हौद्यात गादी टाकून झोपतो. आतापर्यंत ताडपत्रीवर भागवलं, आता कायमचं कॅम्पर शेल, म्हणजे हौद्यावर बसणारं कडक छप्पर, बसवायचं आहे. एक दुकानदार म्हणतो, फायबरला तोड नाही. दुसरा म्हणतो, फायबर तडकतं, ॲल्युमिनियमच घ्या. मित्र सुटे भाग जोडून उभं करायच्या स्टेनलेस स्टीलच्या शेलची शिफारस करतोय. निम्मं फिरणं कच्च्या रस्त्यावर. छतावर तंबूही लावावा म्हणतो. दहा-पंधरा वर्षं बघावं लागू नये, असं कोणतं घेऊ?

उत्तर : तिघेही खरं सांगतायत, फक्त अर्धं सांगतायत. शेल कशाचं आहे हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न, ते हौद्यावर कुठे आणि कसं टेकतं. हयातभर शेलं चढवली, उतरवली, त्यांच्या चिरा भरल्या. छताच्या मधोमध फुटलेलं शेल क्वचितच समोर आलं, आणि आलं तेव्हा वर झाडाची फांदी पडलेली असायची. बाकीची फुटतात ती ठरलेल्या जागी : शेल हौद्याला आवळणारा क्लॅम्प बसतो ती खालची कड, पुढचे खालचे दोन कोपरे, खिडक्यांसाठी कापलेल्या भोकांचे कोपरे आणि मागच्या दाराची चौकट.

याचं कारण गाडीत आहे. केबिन चॅसीवर रबरी बुशांवर बसते, हौदा थेट बोल्टने. दोघांचं हलणं वेगवेगळं. एक चाक खड्ड्यात उतरलं की चॅसी पिळवटते आणि हौदाही तिच्याबरोबर. वरून उघडा असल्यामुळे हौद्याला हा पीळ सहज बसतो, त्याचं काही बिघडत नाही. त्यावर शेल आवळलं की मात्र तो सगळा पीळ शेलच्या कडेवर येतो. त्यात तुमची गाडी हेवी-ड्यूटी. तिच्या मागच्या स्प्रिंगा भरलेल्या हौद्यासाठी कडक केलेल्या असतात. हौदा रिकामा असेल तर प्रत्येक दणका जसाच्या तसा वर जातो. म्हणजे गाडी जितकी दणकट, तितका वरच्या शेलचा छळ जास्त. हे विक्रेता सांगत नाही, कारण त्याच्या दुकानात शेल जमिनीवर मांडलेलं असतं.

आता फायबर. साच्यात आधी जेलकोटचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या चकचकीत लेपाचा, थर मारतात, साधारण अर्धा मिलिमीटर, आणि त्यावर काचेचे धागे आणि रेझिन. काही ठिकाणी या धाग्यांची चटई (मॅट) हाताने अंथरून रोलरने दाबतात, काही ठिकाणी बारीक तोडलेले धागे रेझिनसकट गनने फवारतात. गनवाल्या कामात जाडी माणसाच्या हातावर असते, एका कोपऱ्यात चांगली, दुसऱ्यात कागदासारखी. म्हणून दुकानात गेलात की बाहेरचा चकचकीत रंग सोडा आणि मागचं दार उघडून आत डोकं घाला. आतून गालिचासारखं अस्तर लावलेलं असेल तर खालच्या कडेपाशी जिथे ते संपतं तिथे उघडं फायबर दिसतं. कड सगळीकडे सारख्या जाडीची आहे का, ते बोटांत धरून बघा. मग बोटाच्या पेराने कडेकडेने ठोकत जा. घट्ट कामाचा आवाज सगळीकडे एक येतो. मध्येच पोकळ, बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेत किंवा रेझिन पोहोचलेलंच नाही. कोपऱ्यांवर तिरका उजेड टाकून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या रेघा दिसल्या आणि शेल नवं असेल, तर तिथूनच परत फिरा.

फायबरचा मोठा गुण असा की ते दुरुस्त होतं. चीर गेली तर घासायची, नवीन मॅट घालायची, वर रंग. नाव दुरुस्त करणारा कुठलाही कारागीर हे करतो. त्याचा आकार गोलसर असतो, गाडीच्या रंगात मिळतं, वाऱ्याचा आवाज कमी. तुमच्या कामासाठी त्याची अडचण वेगळी आहे. फायबर शेलचं मागचं दार बऱ्याचदा बिनचौकटीच्या अख्ख्या काचेचं असतं. दिसतं सुरेख. पण पाइप आत सारताना एक टोक घसरलं की काम झालं, आणि ते साइटवर कधी ना कधी घसरतंच.

ॲल्युमिनियममध्ये दोन जाती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक हलकी : पातळ पत्रा, आत बारीक पट्ट्यांचा सांगाडा, सगळं रिव्हेटवर. उतरवायला दोन माणसं पुरतात, पण कच्च्या रस्त्यावर रिव्हेट ढिले होतात. दुसरी कंत्राटदारांसाठी बनवलेली : जाड सांगाडा, वेल्ड केलेले किंवा कोपऱ्यांना गसेट (बळकटीची त्रिकोणी पट्टी) घातलेले जोड, बाजूला वर उघडणारी पत्र्याची दारं, आत हत्यारांचे कप्पे. दुकानदार नुसता ‘ॲल्युमिनियम’ म्हणाला तर विचारा, यातलं कोणतं.

जुनं ॲल्युमिनियमचं शेल बघायला मिळालं तर रिव्हेटची डोकी नीट बघा. ढिल्या रिव्हेटभोवती काळपट डाग धरतो आणि पावसाने तो खाली ओघळून रेघ उमटते. रिव्हेट पत्र्यात घासून ॲल्युमिनियमचा बारीक काळा बुरा बाहेर पडतो, ती ही रेघ. विमानाचे मेकॅनिकही याच खुणेवरून ढिला रिव्हेट ओळखतात. एखाद-दुसरा असेल तर बदलता येतो. अख्खी रांग काळवंडली असेल तर सांगाडा खिळखिळा झालाय असं समजा.

आणखी एक. ॲल्युमिनियम उन्हाने स्टीलच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. आठ फुटी शेल हिवाळ्याच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत, म्हणजे पन्नास अंशांच्या फरकाने, पावणेतीन मिलिमीटर लांब होतं; तेवढाच स्टीलचा हौदा दीड मिलिमीटरच्या आत. फरक मिलिमीटरभराचा, पण तो थोडाफार रोज येतो-जातो. म्हणून खाली कडक सीलंट भरून शेल हौद्याला चिकटवून टाकणाऱ्या फिटरवर माझा विश्वास नाही. तिथे दबून परत फुगणारी गॅस्केट हवी, जोड थोडा सरकला पाहिजे.

स्टेनलेसचं जोडणीचं शेल तुमच्या मित्राने उगाच सुचवलेलं नाही. एक बाजू चेपली तर तेवढाच भाग बदलता येतो, आणि छताला वजन घ्यायची ताकद चांगली असते. दोन गोष्टी मात्र पदरात घ्याव्या लागतात : वजन, आणि जोड. जितके भाग तितक्या गॅस्केटी, आणि दर पावसाळ्याआधी प्रत्येक बोल्टवर पाना फिरवायची तयारी. ज्याला गाडीशी खेळायला आवडतं त्याच्यासाठी ते उत्तम. तुम्ही तर ‘बघावं लागू नये’ म्हणताय.

तेव्हा माझं मत. तुमच्या जागी मी कंत्राटदारी जातीचं ॲल्युमिनियमचं शेल घेईन. बाजूला वर उघडणारी दोन दारं, मागे चौकटीचं दार, काच लहान. बाजूची दारं मिळाली की हत्यारांसाठी दर वेळी फाळका (हौद्याची मागची खाली पडणारी फळी) पाडून हौद्यात गुडघ्यांवर सरकावं लागत नाही. झोपण्यासाठी आतून अस्तर करून घ्या, नाहीतर उघडा पत्रा रात्री घाम गाळतो. गारपिटीने पोचे येतील. त्यांचं वाईट वाटत असेल तर फायबरकडे जा, पण मग चौकटीच्या दाराचंच मागा, आणि छतात जाळीचा किंवा फोमचा गाभा घातलाय का ते विचारा.

वजनाचं गणित शेल ठरवण्याआधी करा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो : माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर नको. हा आकडा तुमच्या गाडीचा, जाहिरातीतला नव्हे. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा बरंच जड असतं आणि तो फरक याच आकड्यातून वजा होऊन आलेला असतो, त्यामुळे पाऊण टनी डिझेलवाले पुष्कळदा स्टिकर वाचून चमकतात. समजा तुमचा आकडा हजार किलो निघाला. शेल साधारण 70 ते 115 किलोचं असतं, कंत्राटदारी असेल तर त्याहून जड. शंभर किलो त्याचे, दीडशे तुम्हा दोघांचे, साठ-सत्तर तंबूचे, वर हत्यारांच्या पेट्या. वाळूसाठी काय उरलं ते तुम्हीच मोजा.

तंबूवरून आठवलं. छताच्या क्षमतेचे दोन आकडे असतात. गाडी चालत असतानाचा एक, उभी असतानाचा दुसरा, आणि दुसरा कितीतरी मोठा असतो. विक्रेता मोठा सांगतो. चालताना छतावर फक्त मिटलेला तंबू असतो, पण प्रत्येक दणक्याला त्याचं वजन क्षणभर वाढतं. उभं राहिल्यावर तंबू अधिक दोन माणसं, पण दणका नाही. दोन्ही आकडे लेखी मागा, आणि कच्च्या रस्त्यासाठी आकडा वेगळा आहे का तेही विचारा; काही उत्पादक तो कमी करून देतात. साध्या फायबरच्या छताला भोकं पाडून रुळ बसवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. वरचं वजन आतल्या पायांच्या सांगाड्यातून हौद्याच्या कडेवर उतरलं पाहिजे, छताच्या पाठीवर राहता कामा नये. हौद्यात झोपायची सोय असताना वर तंबू कशाला, हा तुम्हा दोघांचा प्रश्न. मी मध्ये पडत नाही.

बसवण्याच्या दिवशी स्वतः हजर राहा. हौद्यात प्लास्टिकचं लायनर असेल आणि ते कडेवरून दुमडून खाली आलेलं असेल, तर शेल त्या घसरड्या प्लास्टिकवर बसतं आणि क्लॅम्प त्यालाच चावतो. काही महिन्यांत प्लास्टिक दबतं आणि क्लॅम्प सैल. लायनर कडेपासून कापून घ्या किंवा कडेच्या खाली संपणारं घाला. मग कड धुऊन, स्पिरिटने पुसून गॅस्केट चिकटवायची. तिचा सांधा पुढच्या बाजूला कधीच नको, कारण चालत्या गाडीत पावसाचा मारा तिथेच बसतो. तुमच्या लांबीला सहा क्लॅम्प हवेत. चारांवर भागवणारा फिटर भेटला तर किल्ली परत मागा. क्लॅम्प समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे आवळायचे. एकच कोपरा आधी गच्च केला की शेल कायमचं तिरकं बसतं आणि मागच्या दाराला एका बाजूला फट राहते. दार बंद करून कुलपाची जीभ जोर न लावता बसते का, बघा. गॅस्केट पहिले काही आठवडे दबत राहते, म्हणून महिन्याभराने पुन्हा एकदा सगळे क्लॅम्प तपासायचे. गच्च म्हणजे घट्ट, पिळून काढणं नव्हे. फायबरची कड जास्त आवळल्यानेही तडकते.

हौदा ॲल्युमिनियमचा असेल (फोर्डच्या सुपर ड्यूटीचा 2017 मॉडेलपासून तसा आहे) तर स्टीलचा क्लॅम्प उघड्या धातूवर टेकू देऊ नका. दोन वेगळे धातू, त्यांच्यात ओल, त्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ, आणि ॲल्युमिनियम पांढरं पडून खायला लागतं. मध्ये रबर किंवा नायलॉनची पट्टी पाहिजे. एवढी साधी गोष्ट, पण विचारल्याशिवाय कोणी घालत नाही.

कच्च्या रस्त्यावरची धूळ शेलमधून कमी आणि फाळक्याच्या फटींतून जास्त येते. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, धुळीचा लोट तिथेच घुटमळतो आणि मिळेल त्या फटीतून आत ओढला जातो. फाळक्याच्या तिन्ही बाजूंना रबरी सील लावा आणि छताच्या पुढच्या भागात उघडमिट करता येणारी झडप असेल तर चालताना ती उघडी ठेवा. आत थोडा दाब तयार झाला की धूळ बाहेरच राहते. याने जो फरक पडतो तो महागड्या खिडक्यांनीही पडत नाही.

केबिनच्या मागे वर असलेला तिसरा ब्रेकलाइट शेलखाली झाकला जातो. अमेरिकेत 1994 च्या मॉडेलपासून पिकअपला तो सक्तीचा आहे, म्हणून शेलला स्वतःचा दिवा असतो. त्याची वायर नुसती पिळून टेप गुंडाळलेली नको, पाणी न शिरणारा कनेक्टर मागा; शेल उतरवायची वेळ येईल तेव्हा तुम्हीच दुवा द्याल. आणि उंच छताचं शेल घेणार असाल तर आधी गॅरेजच्या दाराची उंची मोजा. या वर्गातल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना नुसत्या केबिनसकटच ते दार जेमतेम पुरतं.

प्रश्न : माझ्याकडे 2019 ची फोर्ड एफ-250 आहे, आठ फुटी हौदा. 2012 च्या एफ-250 वरचं फायबरचं शेल अगदी चांगल्या अवस्थेत मिळतंय. तोच हौदा, तीच लांबी. विकणारा म्हणतो, थोडी फोमची पट्टी लावली की बसेल. घेऊ का?

उत्तर : नको. सुपर ड्यूटीचा हौदा 1999 ते 2016 एका घराण्यातला, आणि 2017 ला बॉडीच नवी आली, पोलादाची जाऊन ॲल्युमिनियमची. लांबी सारखी असली तरी कडेची रुंदी, पुढच्या बाजूचा निमुळतेपणा आणि फाळक्याची वरची वळणरेघ जुळत नाही. फाळक्याची रेघ चुकली की मागचं दार त्याच्यावर नीट मिटत नाही, पाणी नेमकं तिथून आत येतं आणि कुलूपही धड लागत नाही. फोमने फट झाकली जाते, भरत नाही. पहिल्या हिवाळ्यानंतर ती पट्टी चपटी झालेली दिसेल. हेच इतर कंपन्यांनाही लागू. अर्धा टनी आणि पाऊण टनी गाड्यांचे हौदे एका नावाखाली असले तरी बऱ्याचदा वेगळे असतात, त्यामुळे ‘त्याच कंपनीचं आहे’ हे कारण पुरत नाही. तुमच्या गाडीच्या पिढीचं जुनं शेल शोधा. ते मिळालं तर जमिनीवर सपाट ठेवून बघा. चारही कोपरे टेकले पाहिजेत. एक कोपरा अधांतरी राहिला तर ते उघड्यावर वेडंवाकडं पडून होतं आणि आता कायमचं पिळलंय. क्लॅम्पने ते सरळ होणार नाही, फक्त लवकर तडकेल.

प्रश्न : आमच्या शेलमध्ये थंडीत सकाळी छतावरून पाणी ठिबकतं. मागचं काचेचं दारही वर राहत नाही, हळूहळू डोक्यावर येतं. उन्हाळ्यात दोन्ही त्रास नव्हते. शेल गळतंय का? आणि रात्री थोडा वेळ इंजिन चालू ठेवून हीटर लावला तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही. इंजिन चालू ठेवून शेलमध्ये कोणीही झोपू नये, पाच मिनिटंही नाही. एक्झॉस्ट मागेच सोडलेला असतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फाळक्याच्या ज्या फटींतून धूळ येते त्याच फटींतून तो आत येतो. मागचं दार किलकिलं ठेवल्याने धोका कमी होत नाही, उलट वाढू शकतो. गॅसची शेगडीही आत नको. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो लावाच. हौद्यातून माणसं नेण्याबद्दलही हेच म्हणेन. मुलं ‘मागे झोपून जाऊ’ म्हणाली तरी नाही. तिथे ना सीट, ना पट्टा.

ठिबकणारं पाणी तुमच्याच श्वासाचं आहे. रात्रभर दोन माणसांचा दमट श्वास थंड छताला लागतो आणि थेंब धरतात. खात्री करायची तर पावसाची एक रात्र शेल रिकामं बंद ठेवा : सकाळी कोरडं असेल तर गळती नाही. दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवून झोपा. थंडी वाजेल, पण पांघरूण कोरडं राहील. छताला आतून अस्तर नसेल तर करून घ्या, आणि गादीच्या खाली हवा खेळेल असं काहीतरी घाला. तिथला ओलावा दिसत नाही, पण बुरशी तिथूनच सुरू होते.

दाराचे स्ट्रट, म्हणजे दार वर उचलून धरणाऱ्या दोन दांड्या, गॅसवर चालतात. वीस अंशांवरून उणे वीसवर गेलात की आतल्या गॅसचा दाब साधारण 14 टक्के पडतो. नवे स्ट्रट हे सोसतात, थकलेले नाही. म्हणून उन्हाळ्यात दार राहत होतं. दोन्ही एकदम बदला, एकच बदललात तर दार तिरकं उचललं जाऊन काचेच्या बिजागरीवर ताण येतो. जुन्या स्ट्रटच्या अंगावर ताकदीचा आकडा न्यूटनमध्ये छापलेला असतो, तोच घ्या. ‘जास्त ताकदीचा टाका’ असा सल्ला मिळेल. तो ऐकलात तर उन्हाळ्यात दार मिटताना काच वाकते. आणि स्ट्रट लावताना दांडी खाली, जाड नळी वर, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं.